शुक्रवारची वाट

१

बायाची दोन एकर जमीन बुधवारी सकाळी अकरा वाजून सहा मिनिटांनी गेली. कुणी कुंपण घातलं नाही, कुणी दमदाटी केली नाही. पडद्यावरच्या साहेबांनी तीनदा नाव पुकारलं, समोर कुणी दिसेना, तेव्हा त्यांनी 'अर्जदार गैरहजर, अपील फेटाळले' असं लिहिलं आणि पुढची फाइल ओढली. त्या वेळी बाया औंढ्याच्या वरच्या वाडीत, धुतलेलं लुगडं नेसून, लेकीच्या मोबाइलसमोर मांडी घालून बसली होती. मोबाइलवर एक पांढरं चक्र नुसतं गरगरत होतं.

बायाचा नवरा शिदू तीन वर्षांपूर्वी गेला. त्याच्यामागे उताराची जमीन एका बंगलेवाल्या बिल्डरच्या नावावर चढली. शिदूने म्हणे अंगठा दिला होता. शिदू चौथी शिकलेला, सही करायचा, हे सांगायला बायाला त्या पडद्यावर दोन मिनिटं हवी होती. वाडीत मोबाइलला रेंज नाही. इंटरनेट मिळतं ते लोणावळ्याच्या 'घाटवाट ब्रॉडबँड'कडून, आणि घाटवाटने लेखी कळवलं होतं, 'त्या दिवशी आमची सेवा फक्त चाळीस सेकंद बंद होती.' अपील पुन्हा उघडायला तीस दिवसांची मुदत असते, पण गैरहजेरीचं सबळ कारण द्यावं लागतं. घाटवाटचं हे पत्र बिल्डरच्या वकिलाने आधीच फाइलला लावून ठेवलं होतं.

सव्विसाव्या दिवशी, सोमवारी, तेजल ओव्हाळ वाडीत आली. तळेगाव दाभाड्यात राहणारी, पुण्याच्या एका कंपनीत नेटवर्क इंजिनिअर, वय एकोणतीस. तिला बायाची कणव आली होती, नाही असं नाही. पण खरं सांगायचं तर ती न्यायासाठी आलेली नव्हती, सुडासाठी आली होती. तिचा धाकटा भाऊ विक्की घाटवाटमध्ये कामाला होता. त्याच बुधवारी मालक धोंडिबाने त्याला चारचौघांत शिव्या घालून काढलं आणि त्याची बॅग जिन्यावरून खाली भिरकावली. विक्की तेव्हापासून घरात तोंड पाडून बसला होता. त्याचा फोन वाजला तरी उचलत नव्हता. शनिवारी तो तेजलने उचलला, तर पलीकडे बायाची मुलगी करिष्मा होती.

"हापिसात भांडायला गेले तर म्हनले, ज्यानं घोळ घातला त्याला काढलाय, त्याला इचार," करिष्मा आता सांगत होती. "म्हनून फोन लावत व्हते."

"माझ्या भावावर खापर फोडलंय त्यांनी," तेजल म्हणाली. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. "त्या दिवशी वलवणला जेसीबीने त्यांची केबल तोडली, दहा बावन्नला. तेव्हाच तुमचं बंद पडलं ना?"

"न्हाई," करिष्मा म्हणाली. "त्याच्या आदीच." तिने मोबाइलमधला एक फोटो दाखवला. सुनावणीच्या लिंकवर 'कनेक्शन नाही' असं आलं, तेव्हा घाबरून तिने पडद्याचा फोटो काढून वकिलाला पाठवायचा प्रयत्न केला होता. फोटोच्या कोपऱ्यात वेळ होती, दहा चाळीस. "आन् सोमवारपास्नंच नेट रांगत व्हतं. शनिवार-रविवारी रांगतं ना, तसं."

बाया वाकून तो फोटो पाहत होती. आता ती म्हणाली, "कुनी केलं त्ये कळलं तरी लय झालं मला."

"कळेल. नाव कागदावर लिहून देईन, मावशी. मग तो कुणी का असेना." धोंडिबाला त्याच्याच जिन्यावरून खाली आणायचं, हे तेजलने वाडीचा चढ चढतानाच ठरवलं होतं.

आता तर तिच्या हाती बारा मिनिटं लागली होती. केबल तुटायच्या आधी बारा मिनिटं औंढं बंद पडलेलं होतं.

२

घाटवाटचं ऑफिस टायरच्या दुकानावर होतं. धोंडिबा साठीचा, केबल टीव्हीच्या काळापासून या धंद्यात मुरलेला माणूस.

"भावाला हाकलला म्हनून आलीस व्हय?" त्याने खुर्चीतूनच विचारलं.

"बायामावशींची जमीन गेली म्हणून आलेय. दहा चाळीसलाच औंढं का मेलं, ते सांगा."

"काय मेलं न्हाई. केबल तुटली, चाळीस सेकंदांत समदं दुसरीकडनं चालू झालं. मशिनीचाच रिपोर्ट हाय."

रिपोर्ट खोटा नव्हता, आणि गोम नेमकी तिथेच होती. खंडाळ्याच्या नाक्यावर गाड्यांना वाट दाखवायची तर दोन रीती आहेत. एक म्हणजे खांबाला पाटी ठोकायची, 'औंढे इकडे'. पुढचा रस्ता खचला तरी पाटी तेच सांगत राहते, तिला पत्ताच नसतो. दुसरी रीत म्हणजे नाक्यानाक्यावर हवालदार उभे करायचे आणि त्यांनी फोनवर एकमेकांना खबर द्यायची, 'इकडे तुंबलंय, तिकडून सोड.' नेटवर्कमध्ये राउटर म्हणजे हे नाके. पाटीला म्हणतात स्टॅटिक रूट, हवालदारांच्या कारभाराला डायनॅमिक. आणि राउटरची एक खोड असते. पाटी आणि हवालदार दोन्ही असले की तो पाटीचं ऐकतो.

वलवणची केबल तुटली तेव्हा हवालदारांनी चाळीस सेकंदांत सगळ्या गावांना दुसरी वाट दाखवली. एकटं औंढं अंधारात राहिलं. याचा अर्थ औंढ्याच्या नावाची एक पाटी कुठेतरी ठोकलेली होती.

"धोंडिबाआबा, तुम्ही अजून हाताने वाटा लिहिता?" तेजलने विचारलं.

उत्तर पायलने दिलं. ही ग्राहकांच्या तक्रारी ऐकणारी मुलगी, कोपऱ्यातल्या टेबलावर बसायची. "शुक्रवारी लिहितो ना," ती सहज बोलून गेली, आणि धोंडिबाने तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं.

शुक्रवारची रीत तेजलला विक्कीकडून अर्धवट ठाऊक होती. शुक्रवारी संध्याकाळी मुंबई-पुण्याचे पाहुणे लोणावळ्याच्या बंगल्यांत उतरतात. त्यांना केबल मोकळी मिळावी म्हणून धोंडिबा औंढ्यासह पाच वस्त्यांच्या पाट्या ठोकून त्यांना केबलवरून हटवायचा आणि गच्चीवरच्या जुन्या डिशवर ढकलायचा. ही डिश हवेतून औंढ्यातल्या आक्काबाईच्या अंगणातल्या दुसऱ्या डिशशी बोलायची, तीही रडतखडत. सोमवारी सकाळी सहाला पाट्या काढायच्या आणि ऑफिसच्या ग्रुपवर लिहायचं, 'वाट मोकळी.' करिष्माचं नेट शनिवार-रविवारी का रांगायचं, ते हे. पण त्या आठवड्यात ते सोमवार-मंगळवारीही रांगत होतं.

"त्या सोमवारी पाट्या कुणी काढल्या?"

"हृतिकने," पायल खाली मान घालून म्हणाली.

जिन्यात पावलं वाजली. हृतिक, विक्कीबरोबर काम करणारा दुसरा पोरगा, दारात उभा होता, आणि त्याच्या अंगावरच्या टी-शर्टवर बायाची जमीन घेतलेल्या बिल्डरच्या प्रकल्पाचं नाव छापलेलं होतं.

३

"मामाने दिलाय," हृतिक म्हणाला. "तो तिथे सुपरवायझर आहे. म्हणून काय मी चोर झालो?"

तेजलने त्याला जिन्यातच गाठलं होतं. "पाचपैकी चारच पाट्या काढल्यास आणि ग्रुपवर लिहिलंस वाट मोकळी. मामाचं काम परस्पर झालं."

"पाचही काढल्या. सहा वाजून दहा मिनिटांनी. बघ ना लॉग, राउटर सगळं लिहून ठेवतो." मग तो फणकाऱ्याने म्हणाला, "आणि लॉगमध्ये नाव तुझ्या भावाचंच दिसणार आहे. आम्ही सगळे विक्कीच्याच नावाने आत जातो. पासवर्ड भिंतीवर चिकटवलाय."

ते खरं होतं. राउटरच्या कपाटाशेजारी, विजेच्या बिलाखाली, विक्कीच्याच अक्षरात कागद होता. नावावरून काही सिद्ध होणार नव्हतं.

पायलला तिने पाणी भरताना गाठलं. पायलच्या डोळ्यांत पाणी आलं.

"गुरुवारी मला औंढ्याची पाटी दिसली. मी गुपचूप काढून टाकली. आबांना वाटलं असतं, लक्ष ठेवायला मीच विसरले. नंतर त्यांनी ते चाळीस सेकंदांचं पत्र माझ्याकडूनच टाइप करून घेतलं. त्या बायामावशींची मुलगी इथे येऊन भांडून गेली, तरी माझी जीभ उचलली नाही."

"बुधवारी तू काढली नाहीस?"

"नाही. गुरुवारी."

तेजल थबकली. पाटी गुरुवारपर्यंत जागेवरच होती, तरी करिष्माच्या सांगण्यानुसार औंढं बुधवारी दुपारी दोन दहाला पुन्हा चालू झालं होतं. म्हणजे नुसत्या पाटीने औंढं बंद पडलेलं नव्हतं. पाटी ज्या वाटेला पाठवत होती, ती वाट पलीकडून कुणीतरी बंद केली आणि पुन्हा उघडली. ऑफिसची डिश चालूच असल्यामुळे पाटीला काही कळलं नाही. ती औंढ्याचा सगळा डेटा साडेतीन तास एका बंद दारावर पाठवत राहिली.

ते दार आक्काबाईच्या अंगणात होतं.

४

मंगळवारी सकाळी तेजल आक्काबाईच्या ओसरीवर बसली होती. आक्काबाई सत्तरीची, एकटी. अंगणात लोखंडी पाइपावर डिश. तिला वीज आक्काबाईच्या घरातून, त्या बदल्यात म्हातारीला नेट फुकट. डिशचा स्विच स्वयंपाकघरात ओट्याशेजारी होता.

"मावशी, मी ब्रॉडबँडच्या कामासाठी आलेय," तेजलने एवढंच सांगितलं होतं. "महिन्यापूर्वी, एका बुधवारी, हा स्विच बंद होता का?"

"व्हता की. साडेधापास्नं पार दुपारपत्तुर."

"कुणी बंद केला?"

आक्काबाई चहा गाळत होती. गाळणी तिने दोनदा झटकली. "आला व्हता हापिसातला मानूस. मशिनीला इसावा द्यायचाय म्हनला."

"कोण माणूस? हृतिक? की धोंडिबा स्वतः?"

"मला न्हाई बाई नावं ध्यानात ऱ्हात." म्हातारीने कप पुढे केला आणि तेजलच्या तोंडाकडे जरा वेळ पाहत राहिली. "आईचं गुडघं कसं हाय आता? थंडीत लय ठणकतं म्हनं."

"बरं आहे," तेजल म्हणाली. तिचं लक्ष स्विचकडे होतं. ऑफिसातला माणूस, म्हणजे धोंडिबाने पाठवलेला. बिल्डर, हृतिकचा मामा, हृतिक, धोंडिबा, अशी साखळी तिच्या मनात जुळत चालली होती. म्हातारा बोलणी खाईल, कोर्टाची पायरी चढेल, विक्कीची माफी मागेल. त्या विचाराने तिला इतकं बरं वाटत होतं, की गावाची वेस ओलांडेपर्यंत ती स्कूटरवर मजेत गाणं गुणगुणत होती.

मग तिने करकचून ब्रेक दाबला.

आपण कोण, कुठल्या, हे तिने आक्काबाईला सांगितलंच नव्हतं. मग आईच्या गुडघ्यांचं म्हातारीला कुणी सांगितलं?

५

विक्की डिशच्या कामाला तिथे जातच असणार, घरचं बोलत असणार, तिचा चेहराही विक्कीसारखाच. तेजलने वाटभर स्वतःला हेच सांगितलं. पण मग म्हातारीने नाव का गिळलं?

दुपारी ती पुन्हा टायरच्या दुकानावरचा जिना चढली. धोंडिबा पान लावत होता.

"लॉग दाखवा. हृतिकने पाट्या काढल्यापासूनचा."

"दाव गं तिला," धोंडिबा पायलला म्हणाला. "भावाचंच नाव निघंल, मंग जाईल गप घरी. बुधवारी केबल तुटली तवा तुजा भाऊ जाग्यावर न्हवता, ठाव हाय का? पुन्याची मानसं माजं नेटवर्क बघाय बसल्याली, आन् ह्यो गायब. फोनवर फोन केलं तवा अर्ध्या तासानं वलवनला उगवला."

विक्की तेजलला म्हणाला होता, केबल तुटल्यावर मी ऑफिसातून निघालो.

पायलने कागद छापून दिला. सोमवार, सहा दहा: पाच पाट्या काढल्या. हृतिक खरं बोलत होता. त्याखाली, सात पंधरा: औंढ्याची पाटी पुन्हा ठोकली. नाव अर्थातच विक्कीचं, भिंतीवरचं, कुणीही वापरावं असं. पण राउटर नावाबरोबर आणखी एक गोष्ट लिहितो, हुकूम कुठून आला तो पत्ता. सहा दहाचा हुकूम ऑफिसातल्या मशिनवरून होता. सात पंधराचा बाहेरून आला होता.

इंटरनेटवरचे घरोघरचे पत्ते बहुधा बदलत राहतात. पण काही लोक कामासाठी मुद्दाम कायमचा पत्ता घेतात, कधी न बदलणारा. आपल्या कंपनीत घरून शिरता यावं म्हणून दोन वर्षांपूर्वी तेजलने तसा घेतला होता. ते आकडे तिने इतक्या अर्जांवर लिहिले होते, की झोपेतून उठवलं तरी तिने ते सांगितले असते.

कागदावर तेच आकडे होते. पाटी तळेगावातून, तिच्या घरून ठोकलेली होती.

सोमवारी सात पंधराला ती कंपनीच्या बसमध्ये असते. आई कॉम्प्युटरला हात लावत नाही. घरात तिसरा माणूस एकच.

"काय गं? घावला का चोर?" धोंडिबाने विचारलं.

खोलीत तो पत्ता ओळखणारं दुसरं कुणी नव्हतं. तिने कागदाची घडी घातली असती, तर जगात कुणाला कळणार नव्हतं.

६

"सोड म्हटलं होतं ना तुला," विक्की म्हणाला. संध्याकाळ झाली होती, आई शेजारी गेली होती, टेबलावर तो कागद होता. "किती वेळा म्हटलं, ताई, सोड."

"मला वाटलं तुझा अपमान बोलतोय."

"अपमानच होता! वर्षभर सांगत होतो त्याला, पाट्या बंद करा, एक दिवस गाव अडकेल. गिऱ्हाइकांसमोर मला म्हणायचा, दोन बुकं शिकलेलं येडं. बुधवारी पुण्याची माणसं येणार होती. त्यांच्यासमोरच त्याची पाटी तोंडावर पाडायची होती मला. वीस मिनिटं, ताई. दहा चाळीसला बंद, अकराला चालू. औंढ्याचे लोक फोन करून त्याचं डोकं खातील, बस्स, एवढंच."

"मग अकराला चालू का नाही केलास?"

विक्की कागदाची कड दुमडत राहिला.

"विक्की, मी काय विचारतेय?"

"तेवढ्यात केबल तुटली. त्याचा फोन आला, वलवणला पळ म्हणून. स्विच समोरच होता. हात लावला होता मी." त्याने कागद पालथा घातला. "मग वाटलं, आता तर पुरावाच मिळेल. सगळी गावं चाळीस सेकंदांत उठतील आणि पाटीवालं एकटं औंढं पडून राहील. म्हाताऱ्याला तोंड लपवायला जागा उरणार नाही. म्हणून तसाच ठेवला आणि निघालो. दुपारी येऊन चालू केला. पण सगळे केबलच म्हणत बसले, पाटी कुणी पाहिलीच नाही. आणि मग त्या बाईंचं कळलं."

"कधी कळलं?"

"त्याच दिवशी."

सत्तावीस दिवस. तेजलला वाटलं, याच्या एक कानाखाली द्यावी. त्याहून जास्त राग तिला स्वतःचा आला, कारण क्षणभर तिला त्याचा मुद्दा पटला होता. तिच्याही मनात महिनाभर धोंडिबाशिवाय दुसरं कोण होतं?

"तीन दिवस राहिलेत," विक्की हळूच म्हणाला. "शुक्रवारी मुदत संपली की कुणी विचारणार नाही. ताई, मला पुन्हा कुठे नोकरी मिळेल का? हे बाहेर आलं तर पोलिसही येतील. तू माझी बहीण आहेस ना?"

"आहे. म्हणूनच शुक्रवारपर्यंत थांबणार नाही," तेजल म्हणाली. तिने लॅपटॉप उघडला आणि अहवालाच्या पहिल्याच ओळीत त्याचं पूर्ण नाव लिहिलं, बापाच्या नावासकट. आई परत आली तेव्हा ती रडत होती आणि टाइप करत होती.

७

बुधवारी सकाळी आधी ती धोंडिबाकडे गेली. पायलने लॉगच्या प्रतीवर आणि स्वतःच्या जबाबावर, न विचारता, सही केली. धोंडिबा अहवाल वाचताना आधी खूश झाला. "बघ, म्हनलं न्हवतं मी? तुजाच भाऊ!" मग दुसरं पान आलं. त्यात दर शुक्रवारी पाच वस्त्यांना पडक्या वाटेवर कसं ढकललं जातं आणि चाळीस सेकंदांचं पत्र खोटं कसं आहे, ते तारीखवार होतं. म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. ती जिना उतरली तसा तोही मागोमाग खाली आला, टायरच्या दुकानापर्यंत.

"पोरी, तेवढं शुक्रवारचं काढ. मी त्याला परत कामावर घेतो."

"घेऊ नका," तेजल म्हणाली आणि तिने स्कूटर चालू केली. हाच दिवस पाहायला ती महिनाभर आसुसली होती. आता मागे भाऊ बसलेला होता आणि तिला त्यात काडीची गोडी वाटली नाही.

वाडीत करिष्माने दोन्ही पानं मोठ्याने वाचली. ज्याला ती फोन लावत होती, तोच हा, हे कळल्यावर ती मधेच थांबली, त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा वाचायला लागली. बाया ऐकत होती. वाचून झाल्यावर विक्की पुढे झाला, वाकला.

"मावशी, मला माहीत नव्हतं तुमची सुनावणी आहे. मला माफ..."

"पाया पडू नगंस," बाया म्हणाली. तो तसाच अर्धवट वाकलेला राहिला. "म्हाईत न्हवतं, खरं हाय. पन कळल्यावं किती दिस गप बसलास?"

"सत्तावीस."

"सत्तावीस दिस मी बिल्डरला शाप घातलं. देवाम्होरं नारळ फोडून त्याचं वाटोळं मागितलं. आन् तू तळेगावात जेवत व्हतास." तिने लेकीकडून पेन घेतलं आणि त्याच्या हातात दिलं. "माफी तुज्यापाशीच ऱ्हाऊ दे. ह्याच्यावं सही कर. आन् ऐक. अपील उघडलं की तारखा पडतील. धा पडतील न्हाई तर पन्नास पडतील. जमीन माज्या नावावं चढंपत्तुर दर तारखंला तू माज्या शेजारी येऊन बसायचं. सायबानं इचारलं ह्यो कोन, तर तुज्या तोंडानं सांगायचं."

विक्कीने मान वर केली आणि बहिणीकडे पाहिलं. लहानपणी मारामारी करून आला की तो असाच पाहायचा, आणि दर वेळी ती मधे पडायची.

या वेळी तेजलने फक्त कागद उडू नये म्हणून एका बाजूने धरला, आणि विक्कीने सही केली.